जमिनीवरचा गगनबहाद्दर

मला आयुष्यात पुष्कळांचा हेवा वाटला. ज्याची कविता दिवाळी अंकात आली त्याचा, ज्याला घराजवळची शाळा मिळाली त्याचा, ज्याचे केस साठीनंतरही डोक्यावर राहिले त्याचा. हे हेवे पाहुण्यासारखे आले, दोन दिवस राहिले आणि गेले. एक मात्र मुक्कामाला आला तो अजून उठायचं नाव घेत नाही. तो आमच्या भूगोलाच्या सरांचा.

आम्ही लातूरच्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. मूळचे कंधारकडचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, भर मे महिन्यातही शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. ते बोलताना कधी बसायचे नाहीत. स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची पुढं केली की तिच्यावर आपली पिशवी ठेवायचे आणि स्वतः शेजारी उभे राहायचे. पिशवीला मान देऊन मालक उभा, असं ते दृश्य असायचं. "काय करून राहिले, सर?" हे त्यांचं रोजचं पालुपद. आमची लातूरची पोरं आधी त्या 'करून राहिले'ला पाठीमागं हसायची, आणि वर्षभरात स्वतःच तसं बोलायला लागली. माझी नक्कल एकाही पोरानं कधी केली नाही.

त्यांना विनोद कळायचा नाही. मी केलेल्या कोटीवर सगळी स्टाफरूम हसली की ते शेजारच्याला विचारायचे, "काय झालं?" आणि समजावून सांगितल्यावर गंभीरपणे म्हणायचे, "असं का." त्यानंतर माझ्याच कोटीचं मला हसू यायचं नाही.

वर्गात भिंतीवर नकाशा टांगणं त्यांना पटत नसे. ते नकाशा जमिनीवर अंथरायचे, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडं करायचे आणि पोरांना चपला काढून त्याच्यावर चालायला लावायचे. "उत्तर वर नसती रे. उत्तर उत्तरंलाच असती. चल, औशाहून उदगीरला जा." पोरगं दोन पावलांत उदगीरला पोचायचं आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या शेजारच्या वर्गात मला ऐकू यायच्या. मी तेव्हा समास शिकवत असायचो.

त्याच सुमारास उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. गावानं एकदम अंग धरलं. जिथं तिथं 'जिल्हा' शब्द लागायला लागला, आमच्या बोळातल्या न्हाव्यानंसुद्धा पाटीवर 'जिल्हा केशकर्तनालय' रंगवून घेतलं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या बायका भाजी महाग झाल्याची तक्रार करायला लागल्या. शाळेत मात्र नव्या जिल्ह्याचा नकाशा येईना. सरांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि एके दिवशी शिपायाकडून कात्री मागवून उस्मानाबाद जिल्ह्याचा जुना नकाशा सरळ कापला. हेडमास्तर धावत आले.

"अहो, काय केलं हे! सरकारी वस्तू हाय ती!"

"सरकारनंच कापलाय की, सर," हे म्हणाले. "मी फक्त कागदावर करून राहिलो."

उरलेला उस्मानाबादचा तुकडा त्यांनी गुंडाळी करून तिकडच्या एका शाळेला पोस्टानं पाठवून दिला. ज्याचं त्याला. हेडमास्तर आठवडाभर फुगून होते. पण साहेब तपासणीला आले तेव्हा लातूर जिल्ह्याचा नकाशा असलेली शाळा आमचीच निघाली, आणि तो कापलेला नकाशा हेडमास्तरांनी स्वतः हौसेनं दाखवला.

जिल्हा नवा झाला, पण पाऊस काही जिल्हा बघून पडत नाही. लागोपाठची वर्षं कोरडी गेली. विहिरींचे तळ दिसायला लागले. खेड्यांत टँकर सुरू झाले, मग आमच्या बोळातही यायला लागले. त्या काळात सरांनी एक नेम धरला. कुणाच्या घरी गेलं की आपल्याकडं आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो, सर तो हातानं मागं सारायचे आणि म्हणायचे, "पाणी नको. चहा चालंल." आलेल्या माणसानं पाणी नाकारणं म्हणजे घराचा अपमान. माझ्या बायकोनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती ओट्यापाशी पुटपुटली, "चहा काय दगडाचा होतो काय?" ते सरांनी ऐकलं. म्हणाले, "चहात अर्धं दूध असतंय, वहिनी. तेवढं तरी तुमचं पाणी वाचंल." पुढच्या वेळी बायकोनं त्यांना पाण्याचा थेंब न घालता निव्वळ दुधाचा चहा करून दिला. माझ्यासाठी तसा चहा या घरात आजवर झालेला नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, म्हणजे जिथं मला खरं लागलं तिथं.

मी लहानपणी मुरुडला असताना आमच्याकडं मुलांचं एक मासिक यायचं. त्यात दर महिन्याला गगनबहाद्दरची चित्रकथा असायची. छातीवर सूर्य, खांद्यावरून पाठीमागं उडणारा शेला, एक हात पुढं केलेला. तो ढगांवरून उडायचा. बालाघाटाच्या डोंगरावरून निघाला की एका चौकटीत हिमालय. वाटेत मुकुट घातलेले दुष्ट जादूगार भेटायचे, त्यांना लाथ बसायची. अंक आला की मी तो आधी धान्याच्या कोठीमागं बसून एकटा वाचायचो आणि मगच भावाला द्यायचो. पुढं चित्रं काढणारे वारले आणि गगनबहाद्दर बंद पडला. तेव्हा मी पाचवीत होतो, आणि मोठा झाल्यावर आपण तो पुन्हा सुरू करायचा असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. कुणी इंजिनियर व्हायचं ठरवतं, कुणी कलेक्टर. मी गगनबहाद्दर लिहायचं ठरवलं होतं.

ते मासिक छापणाऱ्यांचा छापखाना लातूरला गंजगोलाईजवळ होता. माझ्या वेळी तो मुलाच्या हाती आला होता. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात कायम बडीशेप. जिल्हा झाल्यावर अप्पांनी साप्ताहिक काढलं. त्यात माझ्या कविता यायच्या, शिवाय मुद्रितं मीच तपासायचो. एके दिवशी अप्पा म्हणाले, "मास्तर, नव्या जिल्ह्याला नवा गगनबहाद्दर पायजे. पण आताची पोरं लई हुशार हायती. ते जादूगार-बिदूगार चालणार न्हाई. आजच्या पोराला पटंल असा करा."

मला त्या रात्री आनंदानं जेवण गेलं नाही. पंधरा दिवस खपून मी नवा गगनबहाद्दर लिहिला. तो आता शास्त्रज्ञ होता. त्याच्याकडं रॉकेट होतं, मनगटावर बोलणारं यंत्र होतं आणि त्याचा शत्रू दुसऱ्या ग्रहावरून आला होता. अप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"लई भारी," ते म्हणाले. "पण ह्याला चित्रं कोणती लावायची?"

अडचण खरी होती. तेव्हा चित्र छापायचं तर त्याचा ब्लॉक लागायचा, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा कोरलेला पत्रा. नवे ब्लॉक करायला सोलापूरला पाठवावे लागत आणि अप्पांची त्याला तयारी नव्हती. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळचे गगनबहाद्दरचे ब्लॉक एका चहाच्या पेटीत होते. जी काय कथा करायची ती ह्याच चित्रांवर करा, असा त्यांचा हुकूम होता. मी ती पेटी उपसली. सगळीकडं गगनबहाद्दर उडतोय नाहीतर लाथ मारतोय. रॉकेट कुठून आणू? सगळ्या ब्लॉकांचे छाप कागदावर काढून मी रोज शाळा सुटली की छापखान्यात बसायचो आणि डोकं खाजवायचो.

अशात एकदा सर सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांची मुद्रितं तपासायला तिथं आले. पिशवी खुर्चीवर, स्वतः उभे. माझ्यासमोरचा उडणाऱ्या गगनबहाद्दरचा छाप त्यांनी उचलला.

"हे काय करून राहिले, सर?"

मी सांगितलं. त्यांनी कधीच गगनबहाद्दर वाचलेला नव्हता. त्यांच्या लहानपणी घरात मासिक कुठून येणार! त्यांनी विचारलं, "हा उडतो कशावर?"

"ढगांवर," मी म्हणालो.

"मग आता कसा उडंल? ढग कुठायत?"

"सर, ही गोष्ट आहे."

"हाव, पण गोष्टीत तरी ढग कुठून आणावेत?" असं म्हणत त्यांनी तो कागद हातात फिरवला. जमिनीवर नकाशा फिरवायची सवय ती. कागद आडव्याचा उभा झाला, आणि उडणारा गगनबहाद्दर एकदम उभा राहिला. पुढं केलेला हात आता वर गेला होता. मागं उडणारा शेला पाठीवरून खाली लोंबत होता. उडताना ताणलेले पाय आता चवड्यांवर आले होते. टाचा उचलून, हात वर करून तो कशाची तरी वाट बघत होता.

"हे बघा," सर म्हणाले. "टँकरच्या रांगेत उभारलाय."

अप्पांनी कागद ओढून घेतला. बघितला. बडीशेप तोंडातच राहिली. मग ते असे हसले की मशीन चालवणारा मशीन थांबवून बघायला आला. "आन् हे पोटाखालचे ढग? ते तर आता उभे झाले की हो!"

"म्हणून तर पाऊस पडंना," सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"मास्तर," अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचं रॉकेट जरा बाजूला ठिवा."

ते रॉकेट अजून बाजूलाच आहे.

अप्पांनी मग ती सरांनाच लिहायला लावली, खाली नाव मात्र कुणाचंच छापलं नाही. गोष्ट अशी. आभाळात एकही ढग उरला नाही म्हणून गगनबहाद्दर चाकूरजवळ एका रानात खाली पडतो. त्याची शक्ती गेलेली. तहान लागते म्हणून गावात येतो, तर टँकरची रांग. तो आपला सूर्य दाखवत पुढं जायला लागतो, तेव्हा एक म्हातारी त्याचा शेला धरून मागं ओढते. "कोण का असंना तू! मधी घुसू नगंस. लाईनीत ये." पहिला भाग एवढाच. दुसऱ्या भागात तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जातो आणि पहिल्या दिवशीच त्याच्या हाताला फोड येतात. लाथ मारणारा ब्लॉक फिरवला की तो भिंतीला पाय लावून पडलेला दिसायचा. तिथं सरांनी लिहिलं, 'गगनबहाद्दरला झोप येईना.' मुकुटवाला जादूगार त्यांनी टँकरचा ड्रायव्हर केला, कारण दुसरा ब्लॉकच नव्हता.

या मुकुटावरून एकदा खरोखरचा टँकर ड्रायव्हर छापखान्यात भांडायला आला. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता होऊ दे एकदाचं. "आमची चेष्टा लावली का? डोक्यावर मुकुट कशापायी दावला?" सर तिथंच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गावात आले की लोक धावत येतात का न्हाई? पोरं ओरडतात का न्हाई? एवढा मान राजाला तरी कुठं असतो." ड्रायव्हरनं जरा विचार केला. मग त्यानं त्या अंकाची प्रत मागून घेतली, केबिनमध्ये चिकटवायला.

मुद्रितं मीच तपासायचो, म्हणजे दर आठवड्याला ते यश आधी मला वाचावं लागायचं. मी म्हातारीचं बोलणं नीट शुद्ध करून द्यायचो, अप्पा ते पुन्हा होतं तसं करायचे. एकदा मी सरांना स्पष्टच विचारलं, "सर, ह्यात पराक्रम कुठं आहे? गगनबहाद्दर म्हणजे पोरांनी मान वर करून बघावं असा. तुम्ही त्याला घागर धरायला लावली."

त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली. मला वाटलं, जिंकलो.

"आपल्या वर्गातली पोरं सकाळपासून रांगेत उभारतात आणि दुपारी शाळेत येतात, सर," ते म्हणाले. "डुलक्या घेतात. मी म्हणलं, त्यांच्या शेजारी कोणी तरी उभारावं. आपल्याला तर वेळ न्हाई."

मी मुद्रितात डोकं घातलं. आत मात्र जळत होतो. त्यांना जे सहज सुचलं ते मला सुचायला हवं होतं. गगनबहाद्दर माझा होता. त्याच्यासाठी मी कोठीमागं बसलो होतो, हे नव्हते बसले.

आषाढ कोरडाच लागला तेव्हा पोरांनी धोंडी काढली. आमच्याकडं पाऊस लांबला की एका पोराला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाकून घरोघर नेतात, गाणं म्हणत पाऊस मागतात, आणि घरच्या बाईनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं असतं. त्या वर्षी आमच्या बोळात गलका झाला म्हणून मी दारात आलो. धोंडी पुढं होती, पण तिच्या अंगावर लिंबाच्या डहाळ्यांवरून चादरीचा शेला बांधलेला होता, आणि छातीवर हळदीनं काढलेला सूर्य. टाचा उचलून, एक हात वर करून ती चवड्यांवर चालत होती. सगळी पोरं धोंडीचं नाव सोडून गगनबहाद्दरच्या नावानं पाणी मागत होती. बाया हसून हसून तांब्यातून घोटभर पाणी ओतत होत्या. चेहरा लिंबाच्या पाल्यातून दिसला, तेव्हा कळलं की ती माझीच मुलगी होती.

"बाबा, पाणी ओता ना!" ती ओरडली. "मी रांगेतली हाय!"

माझ्या बायकोनं पाणी ओतलं. मी बघत उभा राहिलो. बोळाच्या तोंडाशी सर पिशवी घेऊन चालले होते. त्यांनी पोरांकडं एकदा पाहिलं, वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले, पोरं गेल्यावर पुढं निघून गेले. थांबून बघावं, ओळख द्यावी, काही नाही. माझ्या कवितेची एक ओळ जरी एखाद्या पोरानं रस्त्यात म्हटली असती, तर मी त्याला घरी नेऊन शिरा खाऊ घातला असता.

पाऊस उशिरा का होईना पडला. त्याच आठवड्यात सर छापखान्यात येऊन अप्पांना म्हणाले, "आता ढग आले. माझं काम झालं. आता सर उडवतील त्याला." आणि ब्लॉकांची पेटी त्यांनी माझ्याकडं सरकवली. थोड्याच दिवसांत त्यांची बदली नांदेड जिल्ह्यात झाली.

मी उडवला. ब्लॉक पुन्हा आडवे लावले. जन्मभर जे लिहायचं होतं ते लिहिलं. आजही सांगतो, भाषा उत्तम होती, रचना उत्तम होती. अंक आला तो मुलीनं आधी वाचला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "छान आहे बाबा. पण हा आता खाली कधी येणार?"

दोन वर्षं मी तो उडवत ठेवला आणि मग अप्पांनी त्या जागी शब्दकोडं सुरू केलं.

निवृत्तीनंतर एका लग्नाच्या निमित्तानं मी कंधारला गेलो होतो. पत्ता विचारत सरांच्या घरी पोचलो. ते अंगणात शेजाऱ्याशी बोलत उभे होते. शेजारी एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, लातूरच्या गाडीवर पुष्कळ वर्षं काढलेले. सरांनी मला चटकन ओळखलं, हाताला धरून पुढं आणलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "हे आमचे लातूरचे मराठीचे सर. दुष्काळात गगनबहाद्दर टँकरच्या रांगेत उभा केला होता ना, तो ह्यांनी. लई डोकं लागतं तसं सुचायला."

मला वाटलं, उशिरा का होईना, ह्यांना विनोद जमला.

"सर, तो तुम्ही उभा केलात," मी म्हणालो.

"मी? न्हाई हो! मी भूगोलाचा मास्तर. मी ठोकळे आडवे-उभे करून राहिलो असंन. लिहिलं तुम्हीच."

"मी रॉकेट लिहिलं होतं, सर."

"रॉकेट?" त्यांनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. "ते न्हाई ध्यानात. मला रांगेतलंच ध्यानात हाय. फार चांगलं होतं ते तुमचं."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही मोठेपणा नव्हता. आपण काही देऊन टाकतोय याची जाणीवही नव्हती. ते साफ विसरले होते. कंडक्टरनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मी लातूरहून तो पेपर घरी आणायचो, सर. आमची पोरगी तो वाचल्याबिगर पाण्याला जायची न्हाई. तवा वाटायचं, कोण असंल लिहिणारा, एकदा भेटावं." त्यांचे डोळे भरून आले होते.

पाचवीपासून मला हेच हवं होतं. कुणीतरी असाच हात धरावा आणि असंच बोलावं. मी पुन्हा सांगितलं, "मी नाही हो, हे सर," पण कंडक्टर हात सोडेनात, आणि सर मान हलवत हसत होते, मला लाजाळू समजून. एवढं मोठं काही करायचं आणि सकाळी घातलेला शर्ट संध्याकाळी काढून ठेवावा तसं विसरून जायचं, हे मला सात जन्मांत साधणार नव्हतं. तिथं अंगणात, परक्याच्या हातात हात अडकलेला असताना, मला सरांचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या सगळ्या दुष्काळात वाटला नव्हता.